हे एवढं बांधलं कुणी आणि कसं? प्राचीन बांधकामांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सुट्टीच्या दिवशी ओळखीपाळखीच्या मंडळींना घेऊन मी कधी कार्ल्याला, कधी नाशिकच्या त्रिरश्मी लेण्यांवर जातो. पायऱ्या चढून सगळ्यांना धाप लागलेली असते. चैत्यगृहात, म्हणजे बौद्ध प्रार्थनागृहात, पाऊल टाकलं की आवाज आपोआप खाली येतात, आणि मिनिटभराने कुणीतरी विचारतंच, "अहो, पण हे केलं कसं?" त्या एका प्रश्नामागून पिरॅमिड येतात, रोम येतं, पेरूतलं माचू पिचू येतं. वर्षानुवर्षं तेच प्रश्न येत आहेत आणि ते मला मनापासून आवडतात. म्हणून उत्तरं एका जागी लिहून ठेवली आहेत.

जगातलं सर्वांत जुनं मोठं बांधकाम कुठलं?

आज माहीत असलेल्यांपैकी तुर्कस्तानातलं गोबेक्ली टेपे सर्वांत जुन्यांत मोडतं. इसवी सनापूर्वी सुमारे ९५०० वर्षं, म्हणजे आजपासून साडेअकरा हजार वर्षांपूर्वीचं. इंग्रजी टी अक्षरासारखे चुनखडीचे खांब गोलाकार मांडलेले आहेत, त्यातले सर्वांत उंच साडेपाच मीटरच्या आसपास. खांबांवर कोल्हे, साप, विंचू, गिधाडं कोरलेली आहेत. १९९५ पासून क्लाउस श्मिट या जर्मन पुरातत्त्वज्ञाने तिथे उत्खनन केलं. हे उभं करणाऱ्यांकडे धातू नव्हता, मातीचं भांडं नव्हतं, ओझं वाहणारं जनावरही नव्हतं; ते शिकार करून आणि रानातलं धान्य वेचून जगत होते. आधी शेती, मग गाव आणि पोटं भरल्यावर देवस्थान, असा क्रम पूर्वी गृहीत धरला जायचा. या जागेने त्याचा फेरविचार करायला लावला.

पिरॅमिड गुलामांनी बांधले, हे खरं का?

चाबूक मारणारा मुकादम आणि साखळीतले गुलाम हे चित्र आपल्या डोक्यात सिनेमांनी पक्कं बसवलं आहे. पुरावे वेगळं सांगतात.

२०१३ मध्ये तांबड्या समुद्राच्या काठी वादी अल-जर्फ इथे पिएर ताले यांच्या पथकाला पपायरसचे, म्हणजे लव्हाळ्यापासून केलेल्या कागदाचे, तुकडे सापडले. लिहिलेले पपायरस म्हणून आजवर सापडलेले हे सर्वांत जुने. त्यात मेरेर नावाच्या एका मुकादमाची रोजनिशी आहे. त्याच्या हाताखाली चाळीसेक माणसं. काम काय, तर नाईलच्या पूर्व काठावरच्या तुरा इथल्या खाणीतला पांढरा चुनखडी दगड होडीत भरायचा आणि पलीकडे गिझाला, खुफू राजाच्या पिरॅमिडपाशी पोचवायचा. आज तुऱ्याला मुक्काम, आज दगड भरला, आज भरल्या होडीने निघालो, आज रिकाम्या होडीने परत. दहा दिवसांत दोन-तीन खेपा. साडेचार हजार वर्षांपूर्वीच्या माणसाच्या कामाचा हिशेब त्याच्याच अक्षरात. मी पहिल्यांदा त्याचं भाषांतर वाचलं तेव्हा मला आपल्याकडच्या साइटवरची मस्टरची वही आठवली.

गिझाला पिरॅमिडच्या दक्षिणेला कामगारांची वस्ती खोदून काढली आहे. तिथे भाकऱ्या भाजण्याच्या भट्ट्या आहेत आणि गुराढोरांची, शेळ्यामेंढ्यांची ढीगभर हाडं आहेत, म्हणजे या लोकांना नियमित मांस मिळत होतं. १९९० मध्ये कामगारांची थडगी सापडली. तिथल्या सांगाड्यांमध्ये हात मोडून नीट जुळून आलेली हाडं आहेत. कुणीतरी खपच्या बांधून उपचार केले होते. राजाच्या स्मारकाच्या सावलीत मानाने पुरलेल्या या माणसांना साखळदंडातले गुलाम कसं म्हणणार?

तरी हे सगळं आनंदाचं स्वेच्छेचं काम होतं असंही समजू नका. राज्यभरातल्या गावांनी माणसं पाठवायची, ती पाळीपाळीने राबायची, आणि मोबदला भाकरी, बिअर, मांस असा शिध्यात मिळायचा. मराठीत त्याला जवळचा शब्द 'वेठ' आहे. आपल्या आजोबा-पणजोबांना तो शब्द अनुभवाने कळत होता.

खुफूच्या या महापिरॅमिडच्या आत, राजाच्या दालनाच्या वर काही अरुंद पोकळ्या आहेत. तिथे दगडांवर तांबड्या रंगात कामगारांच्या टोळ्यांची नावं रंगवलेली आहेत. एका टोळीच्या नावाचा अर्थ 'खुफूचे मित्र'. ती जागा पुन्हा कुणी बघणार नव्हतं, तरी नाव तिथे राहिलं.

पण अडीच-अडीच टनांचे दगड हलवले कसे?

आधी आकडा समजून घेऊ. खुफूच्या पिरॅमिडमध्ये अंदाजे २३ लाख दगड आहेत. मूळ उंची सुमारे १४६ मीटर, पायाची एक बाजू सुमारे २३० मीटर. वीस वर्षांचा काळ धरला तर दिवसाला तीनशेहून जास्त दगड बसायला हवेत. ऐकायला अशक्य वाटतं, पण बहुतेक दगड तिथल्याच पठारातून काढलेले आहेत. लांबून आला तो बाहेरच्या आवरणाचा तुऱ्याचा दगड आणि आतला ग्रॅनाइट. ग्रॅनाइट अस्वानचा, सुमारे ८०० किलोमीटरवरचा. तो नाईलच्या प्रवाहाबरोबर होड्यांतून खाली आला.

जमिनीवर दगड ओढायला लाकडी घसरगाडी वापरायचे. जेहुतिहोतेप नावाच्या अधिकाऱ्याच्या थडग्यात याचं चित्रच रंगवलेलं होतं: घसरगाडीवर प्रचंड पुतळा, दोरखंड ओढणाऱ्या माणसांच्या रांगा, आणि गाडीच्या पुढच्या टोकाशी उभा राहून वाळूवर पाणी ओतणारा एकजण. कित्येक वर्षं लोक म्हणत होते की हा काहीतरी धार्मिक विधी असावा. २०१४ मध्ये ॲमस्टरडॅम विद्यापीठातल्या भौतिकशास्त्रज्ञांनी प्रयोग करून पाहिला. कोरड्या वाळूत गाडीपुढे ढीग साचतो. वाळू योग्य प्रमाणात ओली असली तर ती घट्ट होते आणि ओढायला लागणारं बळ जवळजवळ निम्म्यावर येतं. चौपाटीवर ओल्या वाळूत सायकल चालते आणि कोरड्या वाळूत रुतते, त्यातलंच हे.

वर चढवायला चढणीचे रस्ते होते. त्या चढणींचा नेमका आकार कसा होता यावर अजून वाद आहेत. मात्र हतनूब इथल्या खाणीत २०१८ मध्ये एक चढण उजेडात आली, तिच्या दोन्ही बाजूंना पायऱ्या आणि खांब रोवण्याची भोकं आहेत. खांबाला दोर गुंडाळून ओढलं की वरून आणि खालून दोन्हीकडून जोर लावता येतो.

आणि हे एका फटक्यात जमलेलंही नाही. सक्कारा इथे जोसेर राजासाठी इम्होतेपने सहा टप्प्यांचा पिरॅमिड रचला. त्यानंतर खुफूचा बाप स्नेफेरू याने दहशूरला जो पिरॅमिड काढला, त्याचा उतार निम्म्यावर गेल्यावर कमी करावा लागला. तो वाकडा पिरॅमिड आजही उभा आहे. माझ्या मते इजिप्तमधलं सर्वांत बोलकं बांधकाम तेच, कारण चूक कुठे लक्षात आली ती रेघ त्यावर लांबूनही दिसते.

लोखंड नसताना ग्रॅनाइट कापला कसा?

कापला म्हणण्यापेक्षा कुटला. अस्वानच्या खाणीत एक अर्धवट सोडलेला स्तंभ पडून आहे, सुमारे ४२ मीटर लांब. पुरा झाला असता तर हजार टनांहून जास्त भरला असता. काम चालू असताना त्याला तडा गेला आणि तो तिथेच सोडला. त्याच्या भोवतीच्या चरात डोलेराइट या कठीण दगडाचे गोळे सापडले. माणूस उकिडवा बसून दोन्ही हातांनी गोळा आपटायचा, ग्रॅनाइटची भुकटी व्हायची, ती झाडून काढायची, पुन्हा आपटायचा. चराच्या तळाला शेजारीशेजारी वाटीसारखे खळगे दिसतात.

मऊ चुनखडीला तांब्याच्या छिन्न्या चालायच्या. ग्रॅनाइट करवतायचा असेल तर तांब्याच्या पात्याखाली वाळू घालायची. कापायची ती वाळू, तांबं फक्त तिला फिरवायचं.

एवढं अचूक काम माणसांनी केलं असेल? परग्रहावरून कुणी आलं असेल का?

हा प्रश्न विचारणाऱ्यावर मी कधी हसत नाही. समोरचं काम पाहून छाती दडपते, म्हणूनच तो मनात येतो. पण याच्यामागे एक दुखरी गोष्ट आहे, ती सांगायलाच हवी.

आफ्रिकेत 'ग्रेट झिंबाब्वे' नावाचं दगडी नगर आहे, अकराव्या ते पंधराव्या शतकातलं. ग्रॅनाइटच्या चिपा चुन्याशिवाय एकावर एक रचलेल्या, काही ठिकाणी भिंत ११ मीटर उंच. ते तिथल्या शोना लोकांच्या पूर्वजांनी बांधलं. गोऱ्या वसाहतवाल्यांना हे मान्यच होईना. भूमध्य समुद्राकाठच्या फिनिशियन लोकांनी बांधलं म्हणा, बायबलमधल्या शेबाच्या राणीने बांधलं म्हणा, पण काळ्या माणसाने नाही! १९०५ मध्ये डेव्हिड रँडल-मॅकआयव्हर आणि १९२९ मध्ये गर्ट्रूड केटन-थॉम्पसन या पुरातत्त्वज्ञांनी उत्खनन करून हे स्थानिकांचंच काम आहे असं स्पष्ट सांगितलं. तरीही ऱ्होडेशियाच्या, म्हणजे तिथल्या गोऱ्यांच्या, सरकारच्या काळात अभ्यासकांवर दबाव राहिला. १९८० मध्ये देश स्वतंत्र झाला तेव्हा त्याने त्या नगराचंच नाव घेतलं, आणि तिथे सापडलेला दगडी पक्षी झेंड्यावर ठेवला.

म्हणून "हे माणसांचं काम नाही" असं कुणी म्हटलं की मी विचारतो, कुठल्या माणसांचं नाही? ग्रीसच्या पार्थेनॉनबद्दल असा संशय सहसा कुणी घेत नाही. तो घेतला जातो इजिप्त, पेरू, आफ्रिका आणि भारताबद्दल.

आपणही यातून सुटलेले नाही. नाशिकच्या त्रिरश्मी बौद्ध लेण्यांना आपण सर्रास पांडवलेणी म्हणतो, आणि गावोगावी "पांडवांनी एका रात्रीत कोरलं, कोंबडा आरवला म्हणून अर्धवट राहिलं" ही गोष्ट ऐकू येते. गोष्ट गोड आहे, मलाही लहानपणी आवडायची. पण नाशिकच्या चैत्यगृहाच्या दारावर ब्राह्मी लिपीत कोरलेलं आहे की हे धंभिक गावचं दान. एका गावाने वर्गणी काढून दार करवून घेतलं! दोन हजार वर्षं ते नाव तिथे आहे.

सगळीकडे पिरॅमिडच का? एकमेकांकडून शिकले असतील का?

तसा पुरावा नाही. मेक्सिकोतले पिरॅमिड आणि इजिप्तमधले पिरॅमिड यांच्यात समुद्र तर आहेच, शिवाय हजारो वर्षांचं अंतर आहे. इजिप्तचा पिरॅमिड हे थडगं. माया लोकांचा पिरॅमिड म्हणजे वरच्या देवळाचा चौथरा, त्याला चढायला पायऱ्या. दोन्हीचा आकार सारखा, कारण कमान किंवा लोखंड न वापरता खूप उंच जायचं तर खाली रुंद आणि वर निमुळतं यावाचून गत्यंतर नाही. खळ्यातली धान्याची रासही तसाच आकार घेते.

जिथे दगडच नव्हता तिथे काय केलं?

दक्षिण इराकच्या गाळाच्या मैदानात मैलोन्मैल दगड नाही, बांधकामाचं चांगलं लाकूड नाही. आहे ती माती, पाणी, बोरू आणि ऊन. त्यातून सुमेरी लोकांनी नगरं उभी केली. ऊर इथला झिगुरात हा चंद्रदेव नन्नाचा चौथरा उर-नम्मू राजाने इसवी सनापूर्वी एकविसाव्या शतकात बांधायला घेतला. पाया साधारण ६४ बाय ४५ मीटर. गाभा कच्च्या विटांचा, बाहेरचं जाड कवच भाजलेल्या विटांचं, आणि सांधे डांबराने भरलेले. तिथे जमिनीतून नैसर्गिक डांबर पाझरतं, तेच वापरलं. विटा साच्यातून काढतानाच त्यांवर राजाच्या नावाचा शिक्का उठवायचे.

कच्च्या विटेचा शत्रू पाणी. गाभ्यात ओल साठली तर तो फुगतो आणि कवच फोडतो. म्हणून बाहेरच्या भिंतीत ठरावीक अंतरावर उभी अरुंद भोकं ठेवली, आतली ओल बाहेर पडायला. आज रस्त्याकडेच्या संरक्षक भिंतीला पाइपचे तुकडे बसवलेले दिसतात, तीच युक्ती.

मातीची घरं पडतात, तीच माती सपाट करून वर नवं घर उभं राहतं, आणि शतकं लोटली की गाव टेकडीवर चढतं. इराक-सीरियात अशा टेकड्यांना 'तेल' म्हणतात. मराठीला हे वेगळं समजावायला नको. आपल्याकडे शेताची जमीन काळी आणि गावठाणाची पांढरी. पुणे जिल्ह्यात घोड नदीकाठी इनामगावला डेक्कन कॉलेजने १९६८ पासून उत्खनन केलं ते अशाच पांढरीच्या टेकाडांत. ताम्रपाषाण काळातली शंभरावर मातीची घरं तिथे मिळाली.

जबाबदारीही ठरलेली होती. हम्मुराबीच्या कायद्यात म्हटलं आहे की घर नीट न बांधल्यामुळे ते पडून मालक मेला, तर बांधणाऱ्याला देहदंड. शिक्षा भयंकर आहे. पण पावणेचार हजार वर्षांपूर्वी घर विकत घेणाऱ्याची बाजू कायद्यात लिहिलेली होती, हे लक्षात राहतं.

सिंधू संस्कृतीत पिरॅमिडसारखं भव्य काही का नाही?

त्यांची भव्यता विटेत आणि गटारात आहे, आणि मला ती कुठल्याही मनोऱ्याहून मोठी वाटते. हडप्पा, मोहेंजोदडो, कालीबंगन अशी एकमेकांपासून शेकडो किलोमीटर लांब असलेली नगरं, पण विटेचं प्रमाण एकच: जाडी १, रुंदी २, लांबी ४. या मापाने आडव्या-उभ्या विटांचे थर सांधेमोड करून बिनचूक बसतात, हे कुठलाही गवंडी सांगेल. मोहेंजोदडोत सातशेच्या आसपास विहिरी होत्या असा अंदाज आहे. विहिरीच्या कड्याला पाचरीच्या आकाराच्या विटा, म्हणजे बाहेरून मातीचा दाब जितका जास्त तितक्या त्या एकमेकींना घट्ट धरतात. स्नानकुंड सुमारे १२ बाय ७ मीटर, खोली २.४ मीटर, आणि गळती थांबवायला डांबराचा थर.

राजवाडा किंवा मोठं देऊळ म्हणता येईल असं काही खात्रीने सापडलेलं नाही. घरोघरी न्हाणी मात्र सापडली आणि सांडपाणी वाहून नेणारी झाकलेली गटारंही. एक वाईट आठवण: १८५०च्या दशकात लाहोर-मुलतान रेल्वेमार्गाची खडी म्हणून हडप्पाच्या विटा गाड्या भरभरून नेल्या. साडेचार हजार वर्षांच्या भाजक्या विटा रुळांखाली गेल्या, आणि आपण नेमकं काय गमावलं हे आता कधीच कळणार नाही.

लेणी 'बांधली' असं म्हणणं चूक आहे का?

शब्दाने चूक, पण त्याचं एवढं मनावर घेऊ नका. बांधणारा दगडावर दगड ठेवत वर जातो. लेणं कोरणारा नको असलेला दगड काढत खाली येतो. 'लेण' हा शब्द दोन हजार वर्षांपूर्वीच्या शिलालेखांतही आहे आणि पाण्याच्या टाक्याला तिथे 'पोढी' म्हटलं आहे. कान्हेरीला शंभरावर लेणी आहेत, आणि तिथल्या टाक्यांची आणि पन्हळींची व्यवस्था मूर्तींइतकीच वेळ देऊन बघावी.

कोरायची पद्धत कळायला अर्धवट लेणी पाहावीत. अजिंठ्याचं २४ क्रमांकाचं लेणं घ्या. छत आधी घोटून पुरं करायचं, मग खाली उतरायचं. पायाखाली न कोरलेला दगड असतो, तोच पहाड म्हणजे परांची. छत झालं की पुन्हा तिथे हात पोचणार नाही, म्हणून शेवटचा हात आधीच फिरवायचा. पाथरवटाला इथे खोडरबर नाही. बांधकामात चुकीचा दगड काढून दुसरा बसवता येतो. लेण्यात खांबाचा टवका उडाला की उडाला.

वेरूळचं कैलास तर वरून खाली आलेलं. आठव्या शतकात राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळात डोंगराच्या माथ्यावरून तीन बाजूंनी चर खणले, मधे प्रचंड ठोकळा सुटा केला आणि तो शिखरापासून जोत्यापर्यंत कोरत आले. आवार साधारण ८० मीटर लांब आणि ४५ मीटर रुंद, मागचा कडा ३० मीटरच्या आसपास. कोरणाऱ्याच्या मनात संपूर्ण देऊळ आधी उभं असल्याशिवाय पहिला घाव घालताच येत नाही. इसवी सन ८१२ च्या सुमाराचा एक ताम्रपट बडोद्याला सापडला. त्यात म्हटलंय की हे देऊळ पाहून देव थक्क झालेच, पण ज्या शिल्पकाराने ते घडवलं त्यालाही प्रश्न पडला की अरे, हे माझ्या हातून झालं तरी कसं! "हे केलं कसं" हा तुमचा प्रश्न त्याला स्वतःला बाराशे वर्षांपूर्वी पडला होता.

कार्ल्याच्या दगडी छताला लाकडाच्या फासळ्या कशाला?

भार पेलायला नाहीत. तो डोंगर आहे, त्याला फासळीचा आधार लागत नाही. आधीच्या काळी प्रार्थनागृहं लाकडाची होती, वाकवलेल्या वाशांच्या गोल छपराची. दगडात उतरताना कारागिरांनी तेच रूप आणलं. लाकडी घराचे खांब रेट्याला तोंड द्यायला किंचित आत कललेले असायचे, म्हणून जवळच्या भाजे लेण्यांत दगडी खांबही कललेले आहेत. कार्ल्याच्या छताला तर खऱ्या लाकडाच्या फासळ्या बसवल्या आणि त्या अजून आहेत. स्तूपावरची छत्रीही लाकडाची.

हे फक्त आपलंच वैशिष्ट्य नाही. ग्रीक डोरिक देवळांच्या खांबांवरच्या पट्टीत तीन उभ्या खाचांचे चौकोन दिसतात. ते जुन्या लाकडी देवळातल्या तुळयांच्या टोकांची आठवण आहेत असं पुष्कळ अभ्यासक मानतात. सांचीच्या दगडी कठड्याचे सांधेही सुतारकामाचे आहेत. तिथल्या दक्षिण तोरणावर लिहिलेलं आहे की हे कोरीवकाम विदिशेच्या हस्तिदंताच्या कारागिरांनी केलं. एकदा ते वाचलं की तोरणावरची ती नाजूक, दाटीवाटीची नक्षी हस्तिदंती डबीवर कोरल्यासारखी का वाटते ते लगेच उमगतं.

रोमन काँक्रीट आपल्या सिमेंटपेक्षा चांगलं होतं का?

वेगळं होतं. भाजलेला चुना, ज्वालामुखीची राख आणि दगडाचे तुकडे. रोममधलं पँथेऑन हे देऊळ इसवी सन १२६ च्या सुमाराचं; घुमटाचा व्यास ४३ मीटरहून थोडा जास्त, मधे आभाळाला उघडं भोक. लोखंडी सळई नसलेला एवढा मोठा काँक्रीटचा घुमट जगात दुसरा नाही. त्यांनी काय केलं, तर खाली जड दगडाची खडी, वर जाताना हलकी, आणि माथ्याशी पाण्यावर तरंगणारा ज्वालामुखीचा सच्छिद्र दगड. भिंत खाली सहा मीटर जाड, माथ्याशी जेमतेम सव्वा मीटर.

२०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसलं की त्या काँक्रीटमधले चुन्याचे पांढरे खडे, जे आळसाने कालवल्याची खूण समजले जायचे, ते उपयोगी आहेत. भेग पडून पाणी शिरलं की तो चुना विरघळतो आणि पुन्हा घट्ट होऊन भेग बुजवतो.

आपली आजची इमारत आतल्या सळईच्या जोरावर ताण घेते, म्हणून सडपातळ आणि उंच होऊ शकते. पण तीच सळई गंजली की काँक्रीट फुटतं. दोघांची तुलना सरळ नाही. चुन्याची ताकद आपल्या लोकांनाही ठाऊक होती. अनेक किल्ल्यांवर चुन्याची घाणी आणि तिचं दगडी चाक अजून पडलेलं दिसतं.

इंका लोकांच्या भिंती भूकंपात का पडत नाहीत?

पेरूतले इंका त्या अर्थाने प्राचीन नाहीत. माचू पिचू १४५० च्या आसपासचं, म्हणजे आपल्याकडे बहमनी राज्य होतं तेव्हाचं. पण लोखंडाशिवाय आणि चाकाच्या गाड्यांशिवाय त्यांनी दगडाशी जे केलं ते थक्क करणारं आहे. दगडी गोट्यांनी ठोकून ठोकून प्रत्येक दगड शेजारच्याशी जुळवलेला. जाँ-पिएर प्रोत्झेन या अभ्यासकांनी स्वतः तसे गोटे हातात घेऊन दगड घडवून दाखवला, आणि त्या कामाला वाटलं होतं त्यापेक्षा कमी वेळ लागला.

सांध्यात चुना नाही, म्हणून हादरा बसला की दगड जरासे हलतात आणि पुन्हा जागेवर बसतात. भिंती आत कललेल्या, दारं आणि कोनाडे वर निमुळते. कुस्कोमध्ये स्पॅनिश लोकांनी इंका मंदिराच्या भिंतींवर चर्च बांधलं. १९५० च्या भूकंपात चर्चचं मोठं नुकसान झालं; खालच्या इंका भिंती टिकल्या आणि उलट अधिक उघड्या पडल्या. आपली हेमाडपंथी म्हणून ओळखली जाणारी मंदिरंही चुन्याशिवाय, दगडात दगड अडकवून रचलेली आहेत, हे तिकडच्या भिंतींचे फोटो पाहताना हटकून आठवतं.

कारागिरांना मजुरी मिळायची का?

काही ठिकाणी तर पावतीच शिल्लक आहे. अथेन्सच्या एरेक्थियन मंदिराचा इसवी सनापूर्वी ४०८-४०७ चा खर्च दगडावर कोरलेला आहे. नागरिक, परगावचे रहिवासी आणि गुलाम शेजारीशेजारी काम करत होते आणि कुशल कामाचा दर एकच: दिवसाला एक द्राक्मा. वास्तुकारालाही तेवढाच. गुलामाचा द्राक्मा बहुधा त्याच्या मालकाच्या खिशात जात असणार, हेही विसरू नये.

आणि मजुरी थकली तर? इजिप्तमध्ये राजांची थडगी कोरणारे कारागीर देर अल-मदिनाच्या वस्तीत राहत. तिसऱ्या रामसेसच्या २९ व्या वर्षी धान्य वेळेवर आलं नाही, तेव्हा त्यांनी हत्यारं खाली ठेवली आणि देवळांपाशी जाऊन बसले. भूक आणि तहान यांनी आम्हाला इथे आणलं, असं त्यांचं म्हणणं पपायरसवर नोंदलेलं आहे. कामगारांच्या संपाची ही सर्वांत जुनी नोंद मानतात.

मला हे सगळं प्रत्यक्ष बघायचंय. इजिप्तला जाणं शक्य नाही. सुरुवात कुठून करू?

पुण्याहून लोणावळ्याकडे जाणाऱ्या लोकलने मळवलीला उतरा. रुळांच्या एका अंगाला भाजे, दुसऱ्या अंगाला कार्ले. आधी भाजे करा. चैत्यगृहाच्या पलीकडे १४ लहान स्तूपांचा समूह आहे, तो चुकवू नका. मग कार्ल्याला या. एकवीरेच्या दर्शनाच्या रांगेमुळे गर्दी असते, पण चैत्यगृहात थोडं थांबलात की डोळे अंधाराला सरावतात. भिंतीला हात लावू नका आणि कुणी खडूने नाव लिहीत असेल तर प्रेमाने थांबवा.

छत बघून झालं की खांबांकडे वळा. त्यांवर ब्राह्मी अक्षरं आहेत. धेनुकाकट गावच्या लोकांनी, त्यात यवन म्हणजे ग्रीकही आले, एकेक खांब दिला आणि तसं कोरून ठेवलं: 'थंभो दानं', खांबाचं दान. दाराच्या कामावर सामी नावाच्या सुताराचं नाव आहे, वेणुवासाच्या मुलाचं. ब्राह्मी येत नसली तरी चालेल. मोबाइलचा उजेड तिरका धरा, अक्षरांच्या खाचांत सावली पडते आणि ती एकेक करून दिसायला लागतात.